एक कोटी दाब

हणमंतराव तारेवरून नख फिरवत. डाव्या अंगठ्याचं. तेवढं एक नख वाढवलेलं, बाकीची नऊ कापलेली. तारेचं वेटोळं आलं की ते त्याच्यासमोर उकिडवे बसत. टोक मांडीवर घेत. नख टेकवून तार बोटांत सावकाश गोल फिरवत. तारेत उभी चीर असली, केसाहून बारीक, तरी नख तिथं अडे. मग ते खडूनं फुली मारत आणि ते वेटोळं परत जाई.

मी करून पाहिलं. मला काही लागलं नाही.

"बी.ए.चं नख आहे," ते म्हणाले. "नाजूक."

"उनका नाखून किताब के पन्ने उलटाने का है, उस्ताद," खाजामियाँ म्हणाला. तार वळवून स्प्रिंगा करणाऱ्या मशीनवर तो होता. "उनसे तार नक्को छुआओ. तार शरमाती."

इंजिनाच्या व्हॉल्व्हवर एक स्प्रिंग असते. इंजिन चालू असताना ती मिनिटाला हजारदा दाबली जाते, हजारदा सुटते. तारेत बारीक चीर असली तर दर दाबाला ती थोडी वाढते. स्प्रिंग लगेच तुटत नाही. महिना जातो, दोन महिने जातात. मग एक दिवस कुठल्यातरी शेतात पंप बंद पडतो. हणमंतराव याला थकणं म्हणत. माझ्या कागदांत त्याला 'फटिग' असा शब्द होता. त्यांनी तो एकदा ऐकला आणि आपलाच ठेवला.

हे पंच्याण्णव सालचं. बाहेरचा माल खुला झाला होता. आमची जुनी गिऱ्हाइकं कोरियाच्या स्प्रिंगा घेऊ लागली होती. कुकटपल्लीतल्या आमच्या ओळीतले तीन कारखाने बंद झाले होते. आमचे मालक अप्पाराव एका नव्या इंजिन कंपनीच्या मागे लागले होते. परदेशी भागीदारीतली कंपनी. तिला आधी सर्टिफिकेट हवं होतं, आणि सर्टिफिकेटसाठी कारखान्यात कोण काय करतं ते सगळं इंग्रजीत लिहिलेलं हवं होतं. मी इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि दिलसुखनगरला घरी बसलो होतो. म्हणून मला घेतलं.

क्वालिटी मॅनेजर पुण्याहून आणला. हर्षद. तिशीचा, स्वच्छ, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणणारा. पहिल्याच दिवशी हणमंतरावांनी त्याला विचारलं, "साहेब, काय करायलात?"

"करतोय," हर्षद म्हणाला. "करायलात नाही. काय करताय, असं विचारतात."

"हौ," हणमंतराव म्हणाले. "काय करताय?"

"तुम्हाला शिकवतोय."

हणमंतराव हसले. ते बहुतेक वेळा हसत. वय एक्कावन्न. घर काचीगुड्याला. वडील निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. भाऊ, चुलते, सगळे सरकारी नोकरीत चिकटले. कोणी तहसिलीत, कोणी कोर्टात, कोणी शाळेत. हे मॅट्रिकला दोनदा नापास झाले, काही वर्षं इकडेतिकडे कामं केली आणि इथं आले. मराठी वाचत. सही वडिलांनी शिकवलेल्या उर्दूत करत. इंग्रजी येत नसे. लग्नकार्यात नातेवाईक त्यांची ओळख 'आमचे लोहार' अशी करून देत. तेव्हाही ते हसत.

बावीस वर्षं ते कारखान्यात होते आणि एक दिवसही कायम नव्हते. दर सहा महिन्यांनी हजेरीपटातून त्यांचं नाव तीन दिवस कापत. चौथ्या दिवशी नवी भरती झाल्यासारखं लिहीत. ते तीन दिवस ते गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर काढत. घरी राहिले तर बायकोला कळलं असतं, म्हणून. बायकोला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

ऑगस्टमध्ये अप्पारावांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं. नवी कंपनी बारा स्प्रिंगा तपासणार. आपल्याच नव्या टेस्टिंग मशीनवर, तिच्या माणसानं लावलेल्या सीलखाली. बाराही एक कोटी वेळा दाबायच्या. एकही तुटता कामा नये. नव्या नियमानं तपासणीच्या कागदावर डिप्लोमावाल्याची सही लागते. हणमंतरावांकडे डिप्लोमा नाही. पण बारा पास झाल्या तर, अप्पाराव म्हणाले, मी स्वतः कंपनीशी बोलेन, हणमंतरावला इन्स्पेक्टर करेन, कायम करेन.

"और फेल हुए तो?" खाजामियाँनं विचारलं.

अप्पारावांनी हर्षदकडे पाहिलं. हर्षद बोलला. "मग ही पोस्टच राहणार नाही."

त्या दिवसापासून हणमंतराव बारा स्प्रिंगांचाच विचार करत.

मी वही घेऊन त्यांच्यामागे फिरू लागलो. ते मराठीत सांगत, मी इंग्रजीत लिहायचो. एकेका कामाचा एकेक कागद, प्रत्येकाला नंबर. त्यांना ते आवडलं होतं. बावीस वर्षांत त्यांना कोणी विचारलं नव्हतं. चौदा नंबरचा कागद तयार स्प्रिंग हाताळण्याचा होता. तो सांगताना ते उभे राहिले.

"लिही. तयार स्प्रिंगला उघडा हात लावायचा नाही. घामात मीठ असतं. पाणी तर मुळीच नाही, एक थेंब नाही. जिथं थेंब वाळला तिथं गंज. गंजाचा ठिपका राईएवढा, पण स्प्रिंग तिथंच थकणार. पाणी लागलंच तर ती स्प्रिंग फेकून द्यायची. पुसून ठेवायची नाही. लिहिलंस? पुसून ठेवायची नाही."

"लिहिलं."

"वाच."

मी इंग्रजीत वाचलं. त्यांना कळलं नाही. "जोरात आहे," ते म्हणाले आणि खाली उर्दूत सही केली.

बारा स्प्रिंगा दसऱ्याच्या आधी तयार झाल्या. सात वेटोळी नाकारून त्यांनी आठवं घेतलं होतं. तयार स्प्रिंगा त्यांनी तेल लावून, मेणकागदात गुंडाळून, स्वतःच्या कपाटात ठेवल्या. कपाटाची किल्ली जानव्याला बांधली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात आयुधपूजा असे. कारखान्यात ब्राह्मण एकच. म्हणून पूजा दरवर्षी हणमंतराव सांगत. वर्षभर त्यांना 'ए हणमंतराव' म्हणणारे अप्पाराव त्या दिवशी 'पंतुलुगारू', म्हणजे भटजीबुवा, म्हणत आणि वाकून नमस्कार करत. मशीनं धुतलेली, झेंडूच्या माळा, प्रत्येक मशीनवर हळदीकुंकू. पूजा झाली की नारळ फोडून त्याचं पाणी सगळीकडे शिंपडायचं. बावीस वर्षं हे काम त्यांचं.

त्या दिवशी ते सोवळं नेसून बसले होते. अप्पाराव म्हणाले, "पंतुलुगारू, वो बारह स्प्रिंगाँ लाओ. देवी के सामने रखो."

हणमंतराव उठले नाहीत. "सर, उनकू पानी नक्को. मन में पूजा करेंगे उनकी."

"मन में?" अप्पाराव हसले. सगळे हसले. "बाईस साल से मशीनाँ पे पानी डाल रहे, कुछ हुआ? पूरा कारखाना उस बारह पे खड़ा है. देवी को मन में बोलना क्या?"

"अक्षत डालता सर. सूखी."

"पंतुलुगारू." आता अप्पाराव हसत नव्हते. "मेरी माँ बैठी है यहाँ."

त्यांची आई खुर्चीवर बसली होती. नव्वदीची. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती हात जोडून बसली होती.

हणमंतरावांनी किल्ली सोडली. स्प्रिंगा आणल्या. मेणकागद काढला. बारा स्प्रिंगा तबकात उभ्या ठेवल्या, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट लावलं आणि नारळाचं पाणी शिंपडलं. मंत्र म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हर्षद त्या दिवशी पुण्याला गेला होता.

आरती संपायच्या आत त्यांनी तबक उचललं आणि मागच्या खोलीत नेलं. मी मागोमाग गेलो. ते सोवळ्यातच रॉकेलच्या डब्यात एकेक स्प्रिंग बुडवत होते, फडक्यानं पुसत होते, तेल लावत होते. बाहेर प्रसाद वाटणं चाललं होतं.

"काका," मी म्हणालो. "चौदा नंबर."

"पाच मिनिटांत पुसल्या. पाच मिनिटांत काही होत नसतं."

"दुसऱ्या बारा करता येतील. तारेचं वेटोळं तेच आहे."

"भट्टी बंद आहे, चार दिवस सुट्टी. सील लावायला माणूस सोमवारी येणार." त्यांनी एक स्प्रिंग उजेडात धरली. "आणि साहेबाला काय सांगू? पूजा केली म्हणून वाया गेल्या? पुणेवाला हसून मरेल. आधीच लोहार म्हणतात, आता भट म्हणतील."

स्प्रिंगेचा शेवटचा वेढा आधीच्या वेढ्याला टेकलेला असतो. त्या फटीत फडकं जात नाही. त्यांनी काडीला कापूस गुंडाळून पुसलं. अकरा स्प्रिंगांची फट कोरडी झाली असावी. उरलेल्या एकीचंही त्यांना तसंच वाटलं. मलाही.

मीही हर्षदला सांगितलं नाही.

सोमवारी मशीन सुरू झालं. मिनिटाला पंधराशे दाब. एक कोटीला साडेचार दिवस आणि वर काही तास लागणार होते. मशीनवर आकड्यांची पट्टी होती. जाता-येता सगळे ती बघत. हणमंतराव बघत नव्हते. ते तारेपाशी बसून होते आणि त्यांनी सोमवारी काही खाल्लं नाही. मंगळवारीही नाही. खाजामियाँ म्हणाला, "उस्ताद रोज़ा रख रहे. रमज़ान को टाइम है, उस्ताद."

बुधवारी सकाळी मी पोचलो तेव्हा मशीन बंद होतं. पट्टीवर एक्केचाळीस लाख आणि काही. नऊ नंबरची स्प्रिंग तुटली होती. शेवटच्या वेढ्यापाशी.

हर्षदनं तुकडा भिंगाखाली धरला. बराच वेळ. मग त्यानं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि भिंग एकेकाला दिलं. तुटलेल्या जागी गंजाचा ठिपका होता. ठिपक्याच्या कडेला लाल कण.

"हे काय आहे?" हर्षदनं विचारलं.

खाजामियाँनं भिंग घाईनं पुढे दिलं.

"मी सांगतो. हे कुंकू आहे. मी पुण्यात आठ वर्षं स्प्रिंगा तोडल्यात. चीर पाहिली, गंज पाहिला, कोळसा पाहिला. कुंकू पहिल्यांदा पाहतोय." त्याचा आवाज चढला नव्हता. "पाणी कोणी लावलं?"

हणमंतरावांनी अप्पारावांकडे पाहिलं. अप्पाराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. हणमंतराव थांबले. इतके थांबले की बाहेरून जाणारी लॉरी येऊन निघून गेली. अप्पाराव कॅलेंडरच बघत राहिले.

"मी," हणमंतराव म्हणाले.

"चौदा नंबर काढा," हर्षद मला म्हणाला. "वाचा."

मी वाचलं.

"मराठीत. त्यांना कळेल असं."

मी मराठीत सांगितलं. शब्द त्यांचेच होते. पाणी लागलंच तर फेकून द्यायची, पुसून ठेवायची नाही. इथपर्यंत आल्यावर मी थांबलो.

"खाली सही कोणाची?"

"माझी," हणमंतराव म्हणाले.

"तुम्हीच सांगितलेला नियम आहे. मी केला असता तर तुम्ही म्हणाला असता, पुण्याचा माणूस, त्याला काय कळतं." हर्षदनं फाईल मिटली. "तुम्हाला कळत होतं. हेच वाईट आहे. एखाद्या गाढवानं केलं असतं तर मी सोडून दिलं असतं."

नोटीस मलाच लिहायला सांगितली. मी लिहिली. नियम चौदाचा जाणूनबुजून भंग, एक महिन्यानं काम समाप्त. मी ती टाईप केली, हर्षदनं एक शब्द बदलला, मी पुन्हा टाईप केली. जेवणाच्या सुट्टीत हणमंतरावांना दिली. त्यांनी ती माझ्याकडे परत केली आणि डबा उघडत म्हणाले, "सांग."

मी सांगितली.

"जाणूनबुजून म्हणजे?"

"माहीत असून."

"हौ, मग बरोबर आहे." त्यांनी भाकरी मोडली. "अप्पारावांचं नाव कुठं आलंय का त्यात?"

"नाही."

"चांगलं केलंस. त्यांचं नाव नको. बोलायचं तर त्यांनाच आहे माझ्यासाठी."

कंपनीनं दुसरी संधी दिली. आणखी बारा स्प्रिंगा, महिन्याभरात. हर्षदनं हणमंतरावांना बोलावून सांगितलं, "नोटीसचा महिना आहे. हा लॉट तुम्हीच करून द्या."

मला वाटलं, ते नाही म्हणतील. ते अप्पारावांच्या केबिनमध्ये गेले. पाच मिनिटांत बाहेर आले.

"देखेंगे म्हणाले. पास होऊ दे, देखेंगे."

"काका, देखेंगे म्हणजे काही नाही."

"तू त्यांचा चेहरा पाहिलास का? मी पाहिला."

हर्षदनं मला वेगळं बोलावलं. "सोबत राहा. वेळ, तापमान, सगळं उतरवून घ्या. त्यांच्या डोक्यात काही राहता कामा नये."

त्या महिन्यात मी त्यांच्यासोबत सगळ्या कामांत होतो. त्यांनी नऊ वेटोळी नाकारली. दहाव्याला ते दोन तास घेऊन बसले. खाजामियाँनं स्प्रिंगा वळवल्या. त्या भट्टीत अर्धा तास राहिल्या. टोकं घासली. मग छऱ्यांच्या मशीनमध्ये घातल्या. आत बारीक पोलादी छऱ्यांचा मारा होतो, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज येतो.

"कशासाठी?" मी विचारलं. माझ्या कागदावर कारणाचा रकाना होता.

"मार खाऊन वरची कातडी आवळते. आवळलेल्या कातडीला चीर पडत नाही. लिही. मग पुन्हा भट्टीत, पण मंद. दोनशे तीस. त्याच्यावर नेली तर कातडी सैल पडते. खाल्लेला मार वाया."

शेवटी प्रत्येक स्प्रिंग पूर्ण दाबून सोडायची, सहा वेळा. त्यात ती थोडी खुजी होते. जेवढी व्हायची तेवढी इथंच होऊ द्यायची, इंजिनात नाही. ते सगळं सांगत होते, काही राखून ठेवत नव्हते. मी मध्येच पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "लिही ना. भट्टी थांबत नाही तुझ्यासाठी."

नख मात्र मला लिहिता आलं नाही. मी 'डोळ्यांनी व स्पर्शानं तपासणी' असं लिहिलं. हर्षदनं ते वाचलं आणि पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं.

दुसऱ्या बारा स्प्रिंगा बुधवारी रात्री दहाला मशीनवर चढल्या. हणमंतरावांचा महिना शनिवारी संपला. सोमवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी आले आणि वॉचमननं त्यांना अडवलं. नाव नव्हतं. या वेळी ते तीन दिवसांसाठी कापलेलं नव्हतं.

ते टपरीवर जाऊन बसले नाहीत. गेटच्या गजाला धरून उभे राहिले. मी दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन आकडा सांगत होतो. शहाण्णव लाख. सत्त्याण्णव. वॉचमन मला म्हणाला, क्रिकेटचा स्कोर आहे का.

दुपारी एक वाजून गेल्यावर पट्टीवर एक कोटी आले. एकही तुटली नव्हती. हर्षदनं मशीन थांबवलं. त्यानं भिंग घेऊन बाराही पाहिल्या आणि बोलला, "सुंदर." खरंच मनापासून बोलला. अप्पारावांनी पुल्लारेड्डीची मिठाई मागवली. मला एक डबा दिला. "पंतुलु को दो. बाहर खड़ा है न?"

"अंदर बुलाऊँ सर?"

"अभी नक्को. अभी सब लोगाँ हैं."

मी डबा गेटच्या गजांतून दिला. तो आडवा जात नव्हता, उभा करून द्यावा लागला.

"एक कोटी?" त्यांनी विचारलं.

"एक कोटी."

"बोलले का काही?"

"सुंदर म्हणाले. हर्षद."

"अप्पाराव?"

मी डब्याकडे बोट दाखवलं. ते डबा उघडून बघत होते. "काजूची आहे," ते म्हणाले.

दोन आठवड्यांनी तारेचा नवा माल आला. डिप्लोमावाला नवा मुलगा नख फिरवून बसला. त्यानं सगळी वेटोळी पास केली. भट्टीतून निघालेल्या स्प्रिंगांपैकी चौथा भाग मशीनवर तुटला. हर्षद माझ्या टेबलापाशी आला. "त्यांचं घर माहीत आहे ना तुम्हाला?"

मी काचीगुड्याला गेलो. त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी, दार उघडलं. मी निरोप सांगितला. तारेचा माल येईल त्या दिवशी यायचं. वेटोळ्यामागे पैसे, हातात. हजेरीपटावर नाव नाही. कागदावर सही हर्षदची.

"कुत्र्याला हाड केल्यावर लोक लगेच यू यू करत नाहीत," कुसुमताई म्हणाल्या. "दोन दिवस तरी जाऊ देतात."

"तू थांब गं," आतून हणमंतराव म्हणाले. ते सदरा घालत बाहेर आले होते. "कायम करण्याचं?"

"ऑडिट आहे फेब्रुवारीत," मी म्हणालो. "कंपनीचे साहेब येणार. अप्पाराव म्हणाले, तेव्हा बोलतो."

हे अप्पाराव खरोखर बोलले होते. मी ऐकलं होतं.

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. "ऑडिटला बोलणार आहेत."

"तुम्हाला आंघोळ घातली पाहिजे कुंकवाच्या पाण्यानं," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही तर आधीच गंजलात." आणि त्या आत गेल्या.

ते येऊ लागले. मागच्या दारानं. आठवड्यातून एक दिवस, कधी दोन. ऑडिटची तारीख त्यांनी मला चार वेळा विचारली. आदल्या दिवशी हर्षदनं त्यांना निरोप धाडला होता, उद्या येऊ नका. पण तारेची लॉरी दोन दिवस उशिरा, नेमकी ऑडिटच्या दिवशी सकाळी सहाला आली. तारेशिवाय मशीनं बंद पडली असती आणि साहेबांना बंद मशीनं दाखवता आली नसती. हर्षदनं रिक्षा पाठवून त्यांना आणवलं. "ते अकराला येणार. दहापर्यंत आटपा."

ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते. ऑडिटचा दिवस, म्हणून.

सिकंदराबादला गाडी त्या दिवशी वेळेवर आली. साडेनऊलाच साहेबांची मोटार गेटवर होती. दोन साहेब, एक मद्रासचा, एक परदेशी. हणमंतराव तारेसमोर उकिडवे बसले होते, चार वेटोळी झालेली, तीन राहिलेली. ज्याचं कुठल्याही कागदावर नाव नाही असा माणूस कच्च्या मालाला हात लावतोय. मागच्या दाराकडे जायचं तर मोटारीसमोरून जावं लागलं असतं.

"संडासाशेजारची खोली," हर्षद म्हणाला. तिथं पूर्वी ॲसिडचे कॅन ठेवत. आता रिकामी होती. खिडकी नव्हती.

"हौ, हौ," हणमंतराव उठत म्हणाले. "दहा मिनिटं बसतो." आत जाताना त्यांनी मला विचारलं, "अप्पाराव आहेत ना आत?"

"आहेत."

"कुलूप लावा," हर्षद मला म्हणाला. "कोणी दार ढकललं तर?"

मी कुलूप लावलं.

साहेब सगळं बघत होते. माझे कागद त्यांना आवडले. एकेक नंबर काढून ते कामगाराला विचारत, तू हेच करतोस का, आणि कामगार हो म्हणे. बाराच्या सुमारास ते संडासाच्या बाजूला आले. मद्रासचा साहेब त्या दारापाशी थांबला.

"या दारावर पाटी का नाही? आत काय आहे?"

हर्षद माझ्याकडे पाहत होता. अप्पाराव चष्मा पुसत होते.

"ॲसिड," मी म्हणालो.

"मग पाटी हवी. आत्ता लावा. मी थांबतो."

मी धावत जाऊन टाईप केली. मोठ्या अक्षरांत, लाल रिबनवर. धोका. ॲसिड. आत जाऊ नये. परत येऊन डिंक लावला आणि पाटी दारावर चिकटवली. तळव्यानं दाबत होतो तेव्हा आतून खोकला आला. एकदा. दाबलेला.

परदेशी साहेबानं वर पाहिलं.

खाजामियाँ दहा हातांवर उभा होता. तो खोकायला लागला. असा खोकला की वाकला, भिंतीला धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. साहेबानं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि वहीत लिहिलं. ॲसिडच्या वाफेचा त्रास, कामगाराला मास्क द्यावा. खाजामियाँला त्याच आठवड्यात मास्क मिळाला.

साहेब जेवले. कागद पुन्हा पाहिले. चार वाजता हात मिळवून निघाले. मंजुरी मिळाली. अप्पाराव मोटारीपर्यंत गेले, दार उघडून धरलं. मी त्यांच्या मागेच होतो. ते हवामानाबद्दल बोलले, चारमिनारबद्दल बोलले. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अच्छा लिखा तुम."

मी जाऊन कुलूप काढलं.

हणमंतराव भिंतीला टेकून खाली बसले होते. साडेसहा तास झाले होते. उजेड आल्यावर त्यांनी गुडघे जवळ घेतले. धोतर ओलं होतं.

"संडास इतका जवळ होता," ते म्हणाले. "पाण्याचा आवाज येत होता सारखा."

खाजामियाँ माझ्या मागे आला होता. तो गेला, आपली लुंगी घेऊन आला, आणि पाठ करून दारात उभा राहिला. हणमंतरावांनी लुंगी गुंडाळली. इस्त्रीचा सदरा झटकला. मग बाहेर येऊन राहिलेल्या तीन वेटोळ्यांकडे चालू लागले. पाय आखडले होते, भिंत धरून चालत होते. मी सोबत होतो.

"गेले का साहेब?"

"गेले. मंजुरी मिळाली."

"वा." ते खरंच खूश झाले. थांबून माझ्याकडे वळले. "माझं बोलणं झालं का?"

हर्षद लांबून येत होता. त्याच्या हातात सहीचे कागद होते.

"झालं," मी म्हणालो.

"काय म्हणाले?"

"विचार करतो म्हणाले. पत्रानं कळवतील."

"कोणाला, मला?"

"तुम्हाला."

ते तारेसमोर उकिडवे बसले. बसायला वेळ लागला.

"इंग्रजीत येईल," ते म्हणाले. "आलं की तू वाचून सांग. हर्षदला नको सांगू वाचायला."